एकट्याची चूल आणि रक्तातली साखर



मी वैद्य नव्हे. मुंबईच्या उपनगरातल्या एका महाविद्यालयात मी अर्थशास्त्र शिकवतो. तेव्हा आजच्या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार एवढाच, की हा विषय माझ्याच ताटात येऊन बसला. त्रेचाळिसाव्या वर्षी रक्ततपासणीचा कागद हातात आला. उपाशीपोटीची साखर १४८ आणि गेल्या तीन महिन्यांची सरासरी सांगणारा आकडा ७.८. उपाशीपोटी १२६ च्या वर आणि तीन महिन्यांचा आकडा ६.५ च्या वर गेला, की त्याला मधुमेह म्हणतात. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि दाराशी उठता उठता म्हणाले, "पोळी-भात कमी करा, डाळी-उसळी-भाज्या वाढवा." हे वाक्य बोलायला अर्धे मिनिटही लागत नाही. पण घरी येऊन मी ओट्यापाशी उभा राहिलो, तेव्हा लक्षात आले की मला येते काय? चहा आणि मुगाची खिचडी. आणि खिचडी म्हणजे निम्म्याहून अधिक तांदूळच.

माझे कुटुंब साताऱ्याकडे. पत्नी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, मी मुलुंडला एका खोलीत. अशी दोन गावांत वाटली गेलेली घरे तुमच्यापैकी कितीतरी शिक्षकांची असतील. तुमच्या गावचा एखादा मुलगा अंधेरीला चौघांत खोली करून राहत असेल. किंवा उलट, तुमचे एखादे निवृत्त गुरुजी पत्नीमागे बोरिवलीला मुलाकडे आले असतील आणि मुलगा-सून सकाळी सातला घराबाहेर पडल्यावर दिवसभर एकटेच असतील. या सगळ्यांना एकच प्रश्न पडतो. शाकाहारी आहे, फारसे रांधता येत नाही आणि पिष्ट कमी करायला सांगितले आहे, तर खायचे काय?

आधी हे पिष्ट म्हणजे काय ते पाहू. शिक्षक मंडळींनी वर्गात करून दाखवावा असा एक प्रयोग आहे. पोळीचा कोरडा घास तोंडात घ्या आणि न गिळता दोन मिनिटे सावकाश चावत राहा. हळूहळू तो गोड लागू लागतो. लाळेने पिठातल्या पिष्टाची साखर करायला सुरुवात केलेली असते. पुढचे काम आतड्यात होते आणि ती साखर रक्तात उतरते. म्हणजे मी साखर खात नाही, चहासुद्धा बिनसाखरेचा घेतो, असे म्हणून चार पोळ्या आणि भाताचा ढीग खाणारा माणूस साखरच खात असतो, फक्त ती गोड लागत नाही इतकेच. रक्तातली ही साखर स्नायूंच्या पेशींत शिरायला इन्सुलिन लागते. पोट सुटले, हालचाल कमी झाली, वय वाढले, की पेशी इन्सुलिनला दाद देत नाहीत आणि साखर रक्तातच फिरत राहते. वर्षानुवर्षे ती अशी फिरत राहिली, की डोळे, मूत्रपिंड, पायांच्या नसा आणि हृदय यांना धक्का लावते. दुखत मात्र काहीच नाही, आणि हीच यातली खरी मेख आहे.

आता कोणी म्हणेल, मी तर सडपातळ आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे एक छायाचित्र वैद्यकाच्या जगात गाजलेले आहे. २००४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात ते छापले गेले. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. यूडकिन शेजारी शेजारी उभे आहेत. उंचीच्या मानाने वजनाचा दोघांचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर यूडकिन यांची शेकडा ९.१ आणि याज्ञिकांची शेकडा २१.२! म्हणजे आपण वरून बारीक दिसतो आणि आतून स्थूल असतो. आपल्या काटक दिसणाऱ्या मंडळींनाही मधुमेह का गाठतो, याचे बरेचसे उत्तर त्यात आहे.

आणि हा शहरी दुखणेकऱ्यांचा आजार आहे, आपल्याला काय त्याचे, असे खेड्यातल्या श्रोत्यांनी समजू नये. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले. देशात १० कोटी १० लाख मधुमेही. शहरांत शेकडा १६.४, खेड्यांत शेकडा ८.९. इथवर ठीक. पण मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांचे प्रमाण पाहा: शहरात शेकडा १५.४ आणि खेड्यात १५.२. उंबरठ्यावर दोघेही सारखेच उभे आहेत.

पिष्ट कमी करण्याचा विचार काही आजचा नाही. इन्सुलिन टोरांटोला १९२१ साली सापडले आणि जानेवारी १९२२ मध्ये एका चौदा वर्षांच्या मुलाला ते प्रथम टोचले गेले. त्याच्या आधी पथ्य हाच उपाय होता, आणि तो क्रूर होता. रुग्णांना जवळजवळ उपाशी ठेवीत. भाज्यासुद्धा तीन तीनदा उकळून, पाणी फेकून देत, मग खायला घालीत. आज तसे काही करायचे कारण नाही. याच संशोधन परिषदेच्या पाहणीतल्या १८,०९० माणसांच्या आहाराचा हिशेब २०२२ साली मांडला गेला. त्याचा मथितार्थ असा, की आहारातल्या एकूण उष्मांकांपैकी पिष्टाचा वाटा निम्म्याच्या आसपास आणावा आणि प्रथिनांचा पाचवा हिस्सा करावा. २०२५ साली त्याच पाहणीतून दिसले, की आपल्या आहारात पिष्टाचा वाटा शेकडा ६२ आहे. म्हणजे पोळी-भात सोडायचा नाही, त्याला ताटातली जागा कमी द्यायची.

त्या २०२५ च्या अभ्यासातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण ती आपल्या आवडत्या समजुतीवर बोट ठेवते. भात सोडून पोळी धरली, किंवा पोळी सोडून ज्वारी-नाचणीच्या पिठाकडे वळले, पण एकूण पिष्ट तेवढेच ठेवले, तर मधुमेहाचा धोका कमी झालेला दिसत नाही. पिष्टाचा थोडा भाग काढून तिथे डाळी-कडधान्ये किंवा दूधदुभते आले, तर तो कमी झालेला दिसतो. आपल्याकडे "भाकरी कितीही चालते" असे खुशाल सांगतात. भाकरी चांगलीच, तिच्यात चोथा आहे. पण 'कितीही' हा शब्द त्यातून काढून टाकावा.

आता उपनगरातल्या एकट्या माणसाचा दिवस पाहा. सकाळी चहा-बिस्किट. स्टेशनवर वडापाव. १९६६ साली दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी तो विकायला सुरुवात केली असे मानतात, आणि धावपळीच्या माणसाला त्याच्याइतका आधार दुसऱ्या कशाचा नाही, हे मी नाकारीत नाही. पण आत बटाटा आणि बाहेर मैदा. दिवसातून चार चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे तिथेच चाळीसेक ग्रॅम साखर झाली. रात्री खानावळीचा डबा: चार पोळ्या, भात, बटाट्याची भाजी आणि जिच्यात डाळ शोधावी लागते अशी आमटी. हिशेब करू. तीस ग्रॅम पिठाच्या एका पोळीत सुमारे वीस ग्रॅम पिष्ट. चार पोळ्यांचे ऐंशी. सव्वाशे ग्रॅम भाताचे पस्तीस. बटाट्याचे पंधरा-अठरा. एका जेवणात सव्वाशे ग्रॅमच्या वर! आणि प्रथिन म्हणावे असे पोळीत आहे तेवढेच.

मांसाहारी माणसाला हे सोपे आहे. त्याने भात बाजूला सारला तरी ताटात मासळी उरते. आपल्या डब्यातून पोळी-भात काढला तर लोणचे आणि पापड उरतो. म्हणून शाकाहाऱ्याने आधी ताटात काय आणायचे ते ठरवावे, आणि मगच काय काढायचे ते. मी उलटे केले आणि त्याची शिक्षा भोगली. ती हकीकत सांगतो.

कागद हाती आला त्याच आठवड्यात मी उत्साहाच्या भरात पोळी-भात एकदम बंद केला. दुपारी काकडी, टोमॅटो आणि ताक. खिशात शेंगदाण्यांची पुडी. गोळ्या मात्र पूर्वीच्याच चालू. डॉक्टरांना कळवायला हवे, हे डोक्यातही आले नाही. पाचव्या-सहाव्या दिवशी दुपारी चारच्या तासाला फळ्यावर लिहिता लिहिता हात कापू लागला. अंगाला दरदरून घाम सुटला, शब्द सुचेनात. मला वाटले, भूक लागली असेल. मी टेबलाशी बसून शेंगदाणे खाल्ले, आणि काही उपयोग झाला नाही. पुढच्या बाकावरची एक विद्यार्थिनी उठली. तिच्या आजोबांना हा आजार होता. तिने दुसऱ्या एका मुलाला फाटकाबाहेर पिटाळले आणि उसाचा रस आणवला. तो प्यायल्यावर पंधरा-वीस मिनिटांत मी माणसांत आलो. नंतर दवाखान्यात रक्त पाहिले तेव्हा आकडा रस पोटात जाऊनही ७८ होता. त्याआधी किती खाली गेला असेल, याचा विचार करूनच मला पुन्हा घाम फुटला.

झाले होते काय? माझ्या गोळ्यांपैकी एक स्वादुपिंडाला ढकलून इन्सुलिन काढायला लावणारी होती. पूर्वीच्या चार पोळ्यांसाठी तिचे माप ठरलेले. पोळ्या गेल्या, गोळी राहिली, साखर कोसळली. म्हणून माझे पहिले आणि हात जोडून सांगणे असे, की जे इन्सुलिन टोचून घेतात किंवा अशा गोळ्या घेतात त्यांनी पोळी-भात कमी करण्याआधी डॉक्टरांना सांगावे. ते औषधाचे माप बदलून देतील. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या काही नव्या गोळ्या निघाल्या आहेत. त्या घेणाऱ्याने पिष्ट अगदी तोडले किंवा कडक उपास केला तर रक्तात आम्ल साठून जिवावर बेतू शकते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्याने आणि गरोदर बाईने तर प्रथिनांचे नि पिष्टाचे प्रमाण वैद्याकडूनच ठरवून घ्यावे. आणि साखर ७० च्या खाली गेली, थरथर, घाम, गोंधळ सुरू झाला, तर तीन लहान चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच प्यावी, पंधरा मिनिटे थांबावे, बरे न वाटल्यास पुन्हा तेवढीच घ्यावी. रुग्ण शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नये. त्याला ताबडतोब दवाखान्यात न्यावे. शेंगदाणे, पेढा, पनीर या वेळी कामाचे नाहीत. त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उतरायला वेळ लागतो. माझ्या खिशात आता शेंगदाण्यांबरोबर साखरेची पुडीही असते. मधुमेह्याच्या खिशात साखर पाहून सहकारी हसतात, ते हसोत.

आता चुलीकडे वळू. एक शेगडी, एक लहान कुकर, एक कढई, एक सुरी. एवढ्यावर माझे चालते.

सर्वांत आधी मी शिकलो ती मोड आलेल्या मुगांची उसळ. रात्री दोन मुठी मूग भिजत घाला, सकाळी पाणी काढून ओल्या फडक्यात बांधा, संध्याकाळी मोड येतात. मुंबईच्या पावसाळ्यात ते कधी चिकट होतात, वास येतो. ते सरळ टाकून द्यावेत. एवढेही जमत नसेल, तर घाटकोपर, मुलुंड, बोरिवली, कुठल्याही भाजीबाजारात मोड आलेली कडधान्ये वजनावर मिळतात. कुकरमध्ये चमचाभर तेलाची फोडणी, मोहरी, हळद, कांदा, मूग, मीठ, तिखट, बेताचे पाणी, एक शिट्टी. मोड कच्चे खाण्याचा आग्रह धरू नये, शिजवलेले निर्धोक. मूग-मटकीतही पिष्ट आहेच, पण जोडीला प्रथिन आणि चोथा असल्यामुळे साखर सावकाश उतरते.

दुसरी शिकलो ती पीठ पेरून भाजी, आणि ही माझी लाडकी. पत्नीने फोनवर सांगितली, मी कढईपाशी उभा राहून केली. ढोबळी मिरची चिरायची, दोन चमचे तेलात मोहरी-हिंग-हळदीची फोडणी, त्यात मिरची, मीठ, तिखट, आणि पाच मिनिटे झाकण. मग तीन चमचे बेसन वरून पेरायचे, पुन्हा झाकण, एक वाफ, आणि परतायचे. पहिल्या दिवशी माझे पीठ कोरडे राहून घशात अडकले. फोनवरून उत्तर आले, "पाण्याचा हबका मारायचा असतो." मारला, आणि जमले. मिरचीऐवजी कोबी, मेथी, कांद्याची पात, काहीही चालते. दहा मिनिटांचे काम.

जे नुसते विकत आणून खाता येते त्याची लाज बाळगू नये. शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठराएक ग्रॅम प्रथिन असते आणि ते रांधावे लागत नाही. तुकडे करून मीठ-मिरपूड लावली की झाले. सोयाबीनच्या वड्या कोरड्या वजनाच्या जवळजवळ निम्म्या प्रथिनाच असतात. गरम पाण्यात दहा मिनिटे भिजवून, घट्ट पिळून, भाजीत टाकाव्यात. न पिळता टाकल्या तर वास राहतो, आणि मग लोक सोयाबीनला नावे ठेवतात. दही, ताक, सालीसकट फुटाणे, मूठभर शेंगदाणे हे आपले आहेतच. मूठ मात्र एकच, कारण शेंगदाणा वजन वाढवतो. पावसाळ्यात बोरिवलीच्या जंगलातल्या पाड्यांवरच्या बाया टाकळा, कुर्डू, करटोली घेऊन बसतात. गावाकडे तर त्या बांधावर फुकट आहेत. टाकळ्याला हल्ली कोणी विचारीत नाही आणि डब्यातल्या ओट्सची तेवढी चौकशी करतात, याची मला गंमत वाटते.

आता त्याच रात्रीच्या जेवणाचा हिशेब पुन्हा मांडू. दीड पोळी, वाटीभर उसळ, पीठ पेरलेली भाजी, पनीरचे तुकडे, वाटीभर दही. पिष्ट साठ-सत्तर ग्रॅम, म्हणजे निम्मे, आणि प्रथिन तीस-पस्तीस ग्रॅम. पोट भरलेले. जेवताना भाजी-उसळ आधी संपवावी आणि पोळी मागून घ्यावी. त्याने साखर एकदम उसळत नाही. जेवणानंतर पंधरा मिनिटे चालावे, स्नायू चालता चालता रक्तातली साखर ओढून घेतात. मी प्लॅटफॉर्मच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालतो. गाडी चुकल्याचे दुःखही त्यामुळे कमी झाले आहे.

ज्याला हेही करायचे नाही त्याने डबेवाल्या मावशींशी बोलावे. मी बोललो. "दोन पोळ्या कमी, भात नको, त्याऐवजी उसळ दुप्पट आणि बटाट्याऐवजी पालेभाजी." पैसे तेवढेच. त्या म्हणाल्या, "आधी का नाही सांगितलंत, माझ्या यजमानांनाही हाच आजार आहे." उडप्याकडे गेलो तर डोसा-इडली म्हणजे तांदूळ हे लक्षात ठेवतो, उसळ मागवतो, पाव परत पाठवतो. पहिल्यांदा पोऱ्याने पाव परत घेताना माझ्याकडे संशयाने पाहिले होते.

उपासाचे मात्र बोलायलाच हवे. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. शंभर ग्रॅममध्ये पंचाऐंशीच्या वर पिष्ट आणि प्रथिन नावालाही नाही. त्यात बटाटा घालून आपण त्याला उपास म्हणतो! वरीचे तांदूळही धान्यच. उपास करायचाच असेल तर शेंगदाण्याची आमटी, दाण्याचे कूट घातलेली खमंग काकडी, दही, ताक आणि थोडा राजगिरा. आणि गोळ्या घेणाऱ्याने निर्जळ-निराहार उपास करू नये. देवाची त्याला हरकत असेल असे मला वाटत नाही.

माझा तीन महिन्यांचा आकडा पुढे ६.९ वर आला आणि त्यानंतरच्या तपासणीत ६.६. मध्ये गणपतीत मी पाच मोदक खाल्ले, तेही सांगून टाकतो. गोळी एक कमी झाली, ती डॉक्टरांनी केली, मी नव्हे. दिवाळीच्या सुटीत पत्नी आली तेव्हा तिला माझ्या हातची ढोबळी मिरचीची भाजी वाढली. तिने एक घास खाल्ला आणि मीठ मागितले.

तुमच्यापैकी ज्यांनी तिशी ओलांडली आहे आणि अजून रक्त तपासलेले नाही, त्यांच्यासाठी गावच्या उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात ही तपासणी सरकारी कार्यक्रमात होते. जाताना एक करा. आधीच्या तीन दिवसांत सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय खाल्ले ते चहाच्या साखरेसकट एका कागदावर लिहून न्या, आणि घेत असाल त्या गोळ्यांची पाकिटेही सोबत असू द्या.